डॉक्टर एक, नोंदी सात

प्रश्न : मिरजेत आमचे औषधांचे दुकान आहे. वडिलांनी सुरू केले, आता मी आणि धाकटा भाऊ पाहतो. संगणकावर बिले करायला लागून अकरा वर्षे झाली. गेल्या महिन्यात औषध निरीक्षक तपासणीला आले असता त्यांनी शेड्यूल एच वनच्या, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्या औषधांच्या, नोंदवहीचा छापील उतारा मागितला. तो काढल्यावर दिसले की, एकाच फिजिशियनचे नाव त्यात सात प्रकारे आले आहे. कुठे ‘सावंत’ व्हीने लिहिले आहे, कुठे डब्ल्यूने; कुठे आद्याक्षरे आधी, कुठे नंतर; कुठे ‘डॉ.’ दोनदा, आणि एका ठिकाणी तर नुसते ‘सावंत सर’. निरीक्षकांनी शेरा मारला नाही, ‘हे नीट करून घ्या’ एवढेच म्हणाले. आमच्या डॉक्टर मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या डॉक्टरांच्या यादीत, १,४३६ नावे आहेत, पण ज्यांची चिठ्ठी आमच्याकडे येते असे डॉक्टर साडेतीनशेच्या वर नसावेत. सॉफ्टवेअरमध्ये ‘मर्ज’ची, म्हणजे दोन नोंदींची एक करण्याची, सोय आहे. भाऊ म्हणतो, रविवारी बसून एका दमात सगळे एकत्र करून टाकू. मला भीती वाटते. जुनी बिले बदलतील का? कायद्याने हे चालते का? सुरुवात कुठून करावी?
— एक औषध विक्रेता, मिरज

उत्तर : आपली भीती रास्त आहे. बंधूंना रविवारचा बेत तूर्त पुढे ढकलायला सांगावे. दुबार नावे एकत्र करणे हे दिसायला झाडलोटीचे काम असले, तरी प्रत्येक वेळी बटण दाबताना ‘ही दोन नावे एकाच माणसाची आहेत’ असे आपण लिहून देत असतो, आणि ते लिहून दिलेले त्या नावावरच्या प्रत्येक जुन्या बिलाला लागू होते.

आधी सॉफ्टवेअरच्या आत काय घडते ते पाहू. त्याच्या लेखी डॉक्टर म्हणजे एक कोड. काउंटरवर आपण नाव निवडतो, पण बिलात साठतो तो कोड. नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक लागेल तेव्हा मास्टरमधून उचलले जातात. समजा, ४७ या कोडवर डब्ल्यूचे सावंत आहेत आणि २१२ वर व्हीचे. मर्ज केल्यावर २१२ ची सगळी बिले ४७ कडे वळवली जातात आणि २१२ पुसला किंवा बंद केला जातो. त्यानंतर तीन वर्षांपूर्वीचे बिल पुन्हा छापले, तर त्यावर ४७ चेच नाव आणि ४७ चाच पत्ता येईल, मग त्या दिवशी ग्राहकाच्या हाती दिलेल्या कागदावर काहीही असो. काही सॉफ्टवेअर मात्र बिल करतानाच डॉक्टरांचे नाव बिलात उतरवून ठेवतात. त्यांत जुने बिल जसेच्या तसे राहते आणि फक्त अहवालातल्या बेरजा एक होतात. आपले सॉफ्टवेअर यांपैकी कोणत्या जातीचे, हे फोनवर विचारत बसण्यापेक्षा स्वतः पाहून घ्यावे. मास्टरमधल्या एखाद्या डॉक्टरांच्या नावापुढे तात्पुरते एक अक्षर वाढवावे आणि त्यांचे जुने बिल पडद्यावर उघडावे. बिलातही ते अक्षर आले, तर पहिली जात. नाही आले, तर दुसरी. अक्षर लगेच काढून टाकायला मात्र विसरू नये.

आता कायदा. औषध नियम, १९४५ मधील नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवर दिलेल्या औषधाच्या नोंदीत चिठ्ठी लिहिणाऱ्याचे नाव आणि पत्ता असावा लागतो. शेड्यूल एच वन १ मार्च २०१४ पासून लागू झाले. त्यातल्या औषधांसाठी, म्हणजे आपल्या काउंटरवरच्या भाषेत सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम, क्षयाची औषधे वगैरेंसाठी, औषध देतानाच स्वतंत्र नोंदवहीत नोंद करावी लागते. तीत चिठ्ठी लिहिणाऱ्याचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण या गोष्टी येतात, आणि ती वही तीन वर्षे जपून तपासणीसाठी खुली ठेवावी लागते. या नियमांत ‘मर्ज’ हा शब्द कुठेही नाही. माझे मत असे की, एकाच डॉक्टरांच्या सात स्पेलिंगांचे एक स्पेलिंग केल्याने चिठ्ठी लिहिणारा बदलत नाही, त्यामुळे त्यात वावगे काही नाही. पण ज्या क्षणी एका डॉक्टरांचे बिल दुसऱ्याच डॉक्टरांच्या नावावर जाते, त्या क्षणी ती नोंद खोटी होते, आणि ‘सॉफ्टवेअरने केले’ हे उत्तर निरीक्षकांपुढे टिकत नाही. म्हणून मर्जला हात घालण्याआधी मागच्या तीन वर्षांचा एच वनचा उतारा महिन्यावार छापून किंवा पीडीएफ करून संगणकाबाहेर वेगळा ठेवावा. उद्या पडद्यावरच्या आणि कागदावरच्या नावांत फरक निघाला, तरी पूर्वी काय होते हे दाखवायला तो हाताशी असेल.

खरा प्रश्न आहे तो माणूस ओळखण्याचा, आणि तिथे नावावर भरवसा ठेवू नये. आपल्याकडे सावंत व्हीनेही लिहितात आणि डब्ल्यूनेही. ‘चव्हाण’ची तर इतकी रूपे आहेत की विचारू नये. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या काही वर्षे जुन्या लेटरहेडवर आणि काही नव्यावर येतात, त्यामुळे दोन पूर्ण वेगळी दिसणारी नावे एकाच बाईंची असू शकतात. उलट, डोळे मिटून एक केली जाणारी दोन नावे दोन माणसांची असतात. माझ्या स्वतःच्या दुकानातला प्रकार सांगतो. मास्टरमध्ये ‘एस. जोशी’ दोनदा होते. क्लिनिक एक, पत्ता एक, दूरध्वनी क्रमांकही एक. मी क्षणाचा विचार न करता दोन्ही एकत्र केले. त्या क्लिनिकमध्ये नवरा-बायको दोघेही डॉक्टर होते आणि दोघांचेही नाव ‘एस’वरून होते, हे आमच्या फार्मासिस्टने चार दिवसांनी हसत हसत सांगितले. तो हसला, मला मात्र पुढचे दोन रविवार चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स चाळाव्या लागल्या.

म्हणून आधार धरायचा तो नोंदणी क्रमांकाचा. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक प्रत्येक चिठ्ठीवर छापला पाहिजे, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेच्या विनियमांत स्पष्ट म्हटले आहे, त्यामुळे तो मागण्यात आगाऊपणा काही नाही. मात्र नुसता आकडा पुरत नाही. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे होते, आयुर्वेद आणि युनानीची भारतीय चिकित्सा पद्धतीच्या राज्य परिषदेकडे आणि होमिओपॅथीची त्यांच्या वेगळ्या परिषदेकडे. प्रत्येकीची क्रमांकांची मालिका स्वतंत्र आहे. तेव्हा परिषद आणि क्रमांक मिळून ओळख पक्की होते, आणि मास्टरमध्ये परिषदेचे नाव लिहायला वेगळी जागा नसेल, तर क्रमांकाच्या आधीच तिचे आद्याक्षर जोडावे. आपण मिरजेचे, तेव्हा आणखी एक गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा जास्त भेटेल. अथणी, चिकोडी, बेळगावकडून येणाऱ्या रुग्णांच्या चिठ्ठ्यांवर कर्नाटक परिषदेचा क्रमांक असतो, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना काम करणाऱ्या एखाद्या डॉक्टरांचे दोन राज्यांत दोन क्रमांक असू शकतात. अशा वेळी क्रमांक वेगळे म्हणून माणूस वेगळा, असे समजू नये. क्लिनिकमध्ये एक फोन केला की उलगडा होतो. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावरही डॉक्टरांची नोंदणी तपासता येते.

एक डॉक्टर दोन ठिकाणी बसत असतील, म्हणजे सकाळी मिरजेत आणि संध्याकाळी जयसिंगपुरात, तर मर्ज करायचा मोह आवरावा. नियमाला नावाबरोबर पत्ताही हवा आहे. एका डॉक्टरांखाली दोन पत्ते ठेवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असेल तर उत्तमच. ती नसेल, तर दोन नोंदी जाणूनबुजून वेगळ्या ठेवाव्यात आणि नावापुढे गावाचे नाव लावावे. काही जण अशी नोंदही दुबारच मानतात; मी मानत नाही.

प्रत्यक्ष कामाला बसायचे ते दुकान बंद झाल्यावर, दिवसाचा हिशेब मिटवून आणि बाकीच्या काउंटरवरून सॉफ्टवेअर बंद करून. बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडतो का, हे त्याच रात्री पाहावे, कारण न उघडणारा बॅकअप घेतलेल्यांची पत्रे या सदराला महिन्याआड येतात. मग पहिल्या बैठकीत एकही मर्ज न करता नुसती यादी करावी. मास्टर एक्सेलमध्ये काढून नोंदणी क्रमांकाच्या क्रमाने लावावा आणि प्रत्येक नावापुढे आतापर्यंतच्या बिलांची संख्या व शेवटच्या बिलाची तारीख आणावी. निम्म्याहून अधिक नावांपुढे क्रमांकच नाही असे दिसले, तर दचकू नये. बहुतेक दुकानांत हीच स्थिती असते. चिठ्ठ्यांच्या प्रती ठेवल्या असतील, तर त्यांवरून क्रमांक भरून घ्यावेत. ज्यांचा क्रमांक मिळत नाही आणि ज्यांच्या नावावर दोन-चार जुनी बिले आहेत, त्यांना मर्जच्या वाटेला न नेता सरळ ‘बंद’ करावे. ती नावे नव्या बिलात दिसणार नाहीत आणि जुनी बिले आहेत तशी राहतील. १,४३६ पैकी मोठा भाग एवढ्यानेच निकाली निघेल.

उरलेल्यांत एका वेळी एकच जोडी घ्यावी. मर्जच्या पडद्यावर ‘कोणाला’ आणि ‘कोणात’ असे दोन रकाने असतात, आणि घाईत ते उलटे भरले जातात. टिकवायची ती नोंद, जिच्यात क्रमांक आणि पत्ता पूर्ण आहे. बिले कोणाकडे जास्त आहेत, याला महत्त्व नाही. बटण दाबण्यापूर्वी दोन्हींची बिले मोजून कागदावर लिहावीत. ४७ वर ६११ आणि २१२ वर ३८ असतील, तर मर्जनंतर ४७ वर ६४९ च दिसली पाहिजेत. ६४८ दिसली, तरी तिथेच थांबावे आणि गहाळ झालेले एक बिल सापडेपर्यंत पुढची जोडी घेऊ नये. रकमेची बेरीजही अशीच ताडून पाहावी. त्याच कागदावर तारीख, दोन्ही कोड, जुने नाव जसे होते तसे, एकत्र करण्याचा आधार आणि करणाऱ्याची सही इतके लिहिले, की आपली मर्जची वही तयार झाली. एका रात्री वीस-पंचवीस जोड्या पुरेत.

हे सगळे करूनही मूळ कारण काउंटरवर शिल्लक राहिले, तर वर्षभरात मास्टर पुन्हा फुगेल. संध्याकाळी सात ते नऊच्या गर्दीत नाव शोधण्यापेक्षा नवे टाइप करणे पोराला सोपे जाते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नवा डॉक्टर जोडायचा अधिकार फार्मासिस्टच्या किंवा आपल्याच पासवर्डला ठेवावा. आडनाव आधी आणि ‘डॉ.’ कधीच नाही, हा नियम भिंतीवर चिकटवावा. नाव सापडले नाही, तर पोराने बिल थांबवून ठेवावे आणि अधिकार असलेल्याला हाक मारावी.

प्रश्न : आमच्या मास्टरमध्ये ‘सेल्फ’ नावाचा एक डॉक्टर आहे आणि सर्वांत जास्त बिले त्याच्याच नावावर आहेत. डॉक्टरांची नावे नीट करतो आहोत, तर जवळच्या एखाद्या ओळखीच्या डॉक्टरांत ‘सेल्फ’ मर्ज करून टाकावा का? त्यांची हरकत नाही.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : अजिबात नको. त्यांची हरकत नसेलही, पण त्यांनी न पाहिलेल्या रुग्णांना न लिहिलेली औषधे दिल्याच्या हजारो नोंदी त्यांच्या नावावर जातील, त्यांचे काय? ही दुरुस्ती नव्हे, बनावट नोंद आहे, आणि तिच्यात आपण त्यांनाही ओढत आहात.

‘सेल्फ’ ही नोंद मुळात वाईट नाही. ज्याला चिठ्ठी लागत नाही असा माल, म्हणजे कापूस, बँडेज, थर्मामीटर, साबण, डायपर, तिच्यावर खुशाल जावा. तिच्या बिलांत शेड्यूल एच किंवा एच वनचे, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाही असे, एखादे औषध आहे का, हे मात्र आजच काढून पाहावे. तसे सापडले, तर त्या दिवसाची चिठ्ठी किंवा तिची प्रत शोधावी, आणि ती मिळाली तर तेवढ्याच बिलावर खरे डॉक्टर लावून मर्जच्या वहीत कारण लिहावे. चिठ्ठी नसेल, तर ती विक्री चिठ्ठीविना झाली आहे, आणि मास्टरमधली कोणतीही हातचलाखी ती झाकू शकत नाही. यापुढे असे बिल ‘सेल्फ’वर निघूच नये, असा अटकाव बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये लावता येतो, तो लावून घ्यावा.

प्रश्न : मर्ज करताना चूक झाली. बाप-लेक दोघेही डॉक्टर, आडनाव एक, त्यांची बिले एकत्र झाली. ‘अनडू’ नाही. बॅकअप आहे, पण तो नऊ दिवसांपूर्वीचा आहे. तो चढवावा का?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : चालू डेटावर चढवू नये, नाहीतर मधल्या नऊ दिवसांची बिले, खरेदी आणि उधारी सगळे जाईल. तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर किंवा वेगळ्या फोल्डरमध्ये उघडावा, तिथून वडिलांच्या कोडवरच्या आणि मुलाच्या कोडवरच्या बिलक्रमांकांच्या दोन याद्या काढाव्यात, आणि चालू डेटात मुलाची नोंद नव्याने उघडून त्या यादीप्रमाणे एकेक बिल तिच्याकडे वळवावे. बिले शेकड्यांनी असतील, तर सॉफ्टवेअरच्या कंपनीकडून हेच काम एका आदेशात करून मिळते. मात्र यादी आपण द्यावी, अंदाज त्यांना करू देऊ नये. बॅकअपनंतर मर्जपर्यंत झालेली बिले यादीत नसतील. ती चिठ्ठ्या पाहूनच वेगळी करावी लागतील.

यात पहिला नंबर एच वनच्या औषधांचा लावावा, विशेषतः क्षयाच्या. क्षयाच्या रुग्णांची माहिती आरोग्य यंत्रणेला कळवणे २०१८ च्या अधिसूचनेपासून औषध विक्रेत्यांनाही बंधनकारक आहे, आणि त्या माहितीत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नावही जाते. रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी आलेला फोन मुलाऐवजी वडिलांकडे गेला, तर रुग्णाचे दोन-तीन दिवस उगाच जातात.

प्रश्न : आमच्या भागातले एक ज्येष्ठ डॉक्टर गेल्या वर्षी वारले. त्यांचे नाव मास्टरमधून काढून टाकायचे, की त्यांचा दवाखाना आता चालवणाऱ्या डॉक्टरांत मर्ज करायचे?
— एक वाचक, वाई

उत्तर : दोन्ही नको. नाव ‘बंद’ करावे आणि शेऱ्याच्या रकान्यात तारीख लिहावी. त्यांच्या हयातीत दिलेली औषधे त्यांच्याच चिठ्ठीवर दिली होती, ती तशीच राहू द्यावीत. दवाखाना तोच असला, तरी चिठ्ठी लिहिणारा हात बदलला आहे. नव्या डॉक्टरांची नोंद त्यांच्या क्रमांकासह नवी उघडावी. जुन्या लेटरहेडचे कोरे गठ्ठे अशा दवाखान्यांत काही महिने वापरले जातात. तेव्हा चिठ्ठीवर छापलेले नाव न पाहता खालची सही आणि शिक्का पाहून बिल करावे, हे काउंटरवरच्या माणसाला मुद्दाम सांगून ठेवावे.